‘आलेख चढतोय ना, मग रोज रात्री रीस्टार्ट करा’: एका सल्ल्याचा प्रतिवाद

स्टोरेज क्लस्टर (डेटा वाटून साठवणारा अनेक मशीनचा, म्हणजे नोडचा, गट) सांभाळणाऱ्या लोकांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो. त्याचा सारांश असा: ‘डिमनच्या (मागे सतत चालणाऱ्या प्रोग्रामच्या) मेमरीचा आलेख चढतच राहिला तर ती लीक, म्हणजे मेमरीची गळती, समजा. गो, जावा किंवा रस्ट या भाषांमध्ये लिहिलेलं स्टोरेज घेतलं असतं तर ही वेळच आली नसती. शोधायचीच हौस असेल तर व्हॅलग्राइंड (मेमरीतल्या चुका शोधणारं साधन) लावा, त्यात काही सापडलं नाही तर सोडून द्या. मेमरीला मर्यादा घाला आणि रोज रात्री एकेक नोड रीस्टार्ट करा. डेटाच्या तीन प्रती आहेतच, काही बिघडत नाही.’

हे लिहिणारे बहुतेक जण मध्यरात्री फोन वाजून उठलेले असतात. त्यांचा वैताग मला समजतो, तो मीही भोगलाय. पण या सल्ल्यातलं एकही वाक्य तपासणीला टिकत नाही, आणि शेवटचं तर लोकांच्या डेटाच्या जिवावर उठणारं आहे.

पहिला मुद्दा आलेखाचा. स्टोरेज डिमन मेमरी वापरतो ती मोठ्या प्रमाणावर कॅशेसाठी (वारंवार लागणारा डेटा हाताशी ठेवण्यासाठी), आणि मिळेल तेवढी जागा भरणं हेच कॅशेचं काम. सेफ या स्टोरेज प्रणालीत ब्लूस्टोअर हा साठवणीचा थर आल्यापासून ओएसडी (डिस्क सांभाळणारा डिमन) आपली कॅशे कर्नलवर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यावर, न सोपवता स्वतःच्या प्रोसेसमध्ये ठेवतो. त्याचं मेमरी टार्गेट मुळात ४ जीआयबी असतं. नुकता सुरू झालेला ओएसडी तिथपर्यंत चढणारच. शिवाय ते टार्गेट आहे, कुंपण नव्हे. रिकव्हरी (गेलेल्या प्रती पुन्हा उभ्या करणं) चालू असताना ते ओलांडलं जातं. चढून टेकणारा आलेख आणि कधीच न टेकणारा आलेख यांतला फरक दोन तासांच्या चित्रात दिसत नाही, त्यासाठी काही दिवसांचं चित्र लागतं.

आणि टेकला नाही तरी ती लीकच असेल असं नाही. एचडीएफएस या फाइल प्रणालीचा नेमनोड (फाइलींची यादी सांभाळणारा सर्व्हर) प्रत्येक फाइलची आणि ब्लॉकची नोंद मेमरीत ठेवतो. नोंदीला साधारण १५० बाइट हा त्यासाठीचा जुना ठोकताळा. लहान लहान फाइलींचा ढीग वाढत गेला की हीप (प्रोग्राम चालताना मागून घेतो ती मेमरी) वाढत जाणार. इथे दोष प्रोग्रामचा नाही, फाइली लिहिण्याच्या पद्धतीचा आहे.

त्यात अ‍ॅलोकेटरची, म्हणजे प्रोग्रामला मेमरी वाटून देणाऱ्या कोडची, भर. प्रोग्रामने मोकळी केलेली मेमरी अ‍ॅलोकेटर लगेच कर्नलच्या हाती देत नाही. जीलिबसी या लिनक्सवरच्या सी लायब्ररीचा अ‍ॅलोकेटर मॅलॉक ६४ बिट मशीनवर कोअरच्या आठपट अरीना (मेमरीचे वेगवेगळे साठे) उघडू शकतो, म्हणजे ३२ कोअरवर २५६, आणि प्रत्येकीत थोडी थोडी जागा अडकून राहते. टीसीमॅलॉक हा दुसरा अ‍ॅलोकेटरही मोकळी पानं स्वतःकडे राखून ठेवतो. ओएसडीला ‘हीप स्टॅट्स’ विचारलं की अ‍ॅप्लिकेशन खरोखर वापरत असलेले बाइट एका ओळीत दिसतात आणि पेज हीपच्या फ्रीलिस्टमध्ये नुसते पडून असलेले दुसऱ्या ओळीत. ही दुसरी ओळ फुगलेली असेल तर ‘हीप रिलीज’ देऊन पाहावं. आरएसएस (प्रोसेसने प्रत्यक्ष व्यापलेली मेमरी) धपकन खाली आला तर ती लीक नव्हतीच. गोच्या १.१२ आवृत्तीपासून रनटाइमने सोडून दिलेली मेमरीसुद्धा कर्नलला गरज पडेपर्यंत आरएसएसमध्ये मोजली जायची, १.१६ मध्ये, २०२१ साली, ते पूर्ववत केलं गेलं. म्हणजे प्रोग्राम तोच, मेमरी तेवढीच, आणि भाषेची आवृत्ती बदलली म्हणून आलेख वेगळा.

कोणालाही गरज उरलेली नाही, तरी कोणीतरी धरून ठेवलेली आहे, अशी मेमरी म्हणजे लीक. आलेख ‘किती’ एवढंच सांगतो. ‘कोणी धरली’ हा खरा प्रश्न आहे, आणि तो विचारण्याआधी लीक हा शब्द वापरू नये असं माझं ठाम मत आहे.

दुसरा मुद्दा भाषांचा. तो या व्याख्येपाशीच संपतो. गो-जावातला गार्बेज कलेक्टर (नको असलेली मेमरी आपोआप गोळा करणारा) फक्त तीच मेमरी सोडवतो जिच्यापर्यंत पोचायचा एकही रस्ता उरलेला नाही. विसरलेल्या मॅपमध्ये पडून राहिलेली नोंद त्याच्या दृष्टीने वापरात आहे. गोमध्ये कधीच न येणाऱ्या संदेशाची वाट पाहत अडकलेली गोरुटीन (एकाच वेळी चालणाऱ्या हलक्या कामांपैकी एक) आपला स्टॅक आणि त्यातून धरलेलं सगळं घेऊन बसते. जावामध्ये नेटी या नेटवर्किंग लायब्ररीचे डायरेक्ट बफर हीपच्या बाहेर असतात आणि रेफरन्स (किती जणांनी धरलंय ते) मोजून सोडावे लागतात. एक ‘रिलीज’ राहून गेला की हीपचा आलेख सपाट आणि प्रोसेस मात्र फुगत चाललेली. नेटीला स्वतःचा लीक डिटेक्टर द्यावा लागला तो यामुळेच. रस्टमध्ये तर २०१५ साली, १.० आवृत्तीच्या तोंडावर, लीक होणं हे ‘सेफ’ (सुरक्षित) कोडच्या कक्षेतच येतं असं स्पष्टपणे मान्य केलं गेलं. भाषा चांगल्याच आहेत. त्यांनी हे आश्वासन कधी दिलेलं नाही, एवढंच.

व्हॅलग्राइंडबद्दल थोडक्यात. त्याच्याखाली प्रोग्राम दहा ते तीस पट किंवा त्याहूनही मंद चालतो. सेफमध्ये २० सेकंद हार्टबीट (‘मी जिवंत आहे’ हा संदेश) मिळाला नाही तर शेजारी ओएसडी ‘हा पडला’ अशी तक्रार करतात. इतका मंदावलेला डिमन खऱ्या भाराखाली क्लस्टरमध्ये धड टिकतच नाही. मग तुम्ही तपासता ते वेगळंच वर्तन. दुसरं असं की महिनोन् महिने चालणाऱ्या डिमनमधल्या लीक बहुतेक वेळा कुठल्या तरी यादीतून पोचता येण्याजोग्याच असतात, म्हणून हरवलेल्या मेमरीच्या यादीत त्या येत नाहीत. त्याऐवजी जेमॅलॉक या अ‍ॅलोकेटरचा प्रोफायलर (मेमरी कुठल्या कोडने घेतली ते नोंदवणारा) सरासरी दर ५१२ केबीमागे एक नमुना घेतो, त्यामुळे चालत्या क्लस्टरवर परवडतो. काही तासांच्या अंतराने दोन प्रोफाइल काढायचे आणि एकातून दुसरा वजा करायचा. एकट्या प्रोफाइलमध्ये मोठं ते वर दिसतं. वजाबाकीत वाढतं ते.

आता मर्यादा आणि रीस्टार्ट.

‘तीन प्रती आहेतच’ या हिशोबात एक गृहीतक दडलेलं आहे: प्रती एकमेकींपासून स्वतंत्रपणे बिघडतात. डिस्कच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरं. लीकच्या बाबतीत अजिबात नाही. तिन्ही प्रती सांभाळणारे डिमन एकाच आवृत्तीचे, बहुधा एकाच अपग्रेडच्या वेळी सुरू झालेले, साधारण सारख्याच भाराखालचे. एकाची मेमरी संपली तेव्हा बाकीच्या दोघांचीही संपत आलेली असते. पहिला पडला की त्याचा भार आणि वर रिकव्हरीचं काम नेमकं त्या दोघांवर येतं. आणि सगळे एकत्र पडू नयेत म्हणून एकेक करून पाडायचे म्हटलं, तर तीन प्रतींच्या पूलमध्ये लिहिण्यासाठी किमान दोन लागत असताना एक आपण स्वतःच बंद केलेली असते. त्या काही मिनिटांत दुसरीची डिस्क गेली की लिहिणं थांबतं. ही जोखीम रोज रात्री, प्रत्येक नोडमागे, आपल्या हाताने घ्यायची?

सगळे एकदम कसे जातात ते २२ ऑक्टोबर २०१२ ला उत्तर व्हर्जिनियात दिसलं. अ‍ॅमेझॉनच्या ईबीएस या क्लाउड स्टोरेज सेवेत माहिती गोळा करणारा एक सर्व्हर बिघडला म्हणून बदलला गेला. नवा पत्ता डीएनएसमधून (नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेतून) सगळीकडे पोचला नाही. काही स्टोरेज सर्व्हरांवरचा एजंट जुन्याच पत्त्यावर हाका मारत राहिला, आणि जोडणी न मिळण्याच्या त्या वाटेवर एक सुप्त लीक होती. मेमरी हळूहळू झिरपत गेली आणि अखेर अनेक सर्व्हर ग्राहकांच्या विनंत्या हाताळेनासे झाले. अ‍ॅमेझॉननेच नंतर प्रसिद्ध केलेल्या निवेदनात मान्य केलं की ईबीएसचे सर्व्हर असलेली सगळी मेमरी सतत कमीजास्त वापरत असतात, त्यामुळे एकूण मेमरीवर नेमका अलार्म बसवणं अवघड जातं. पहिल्या मुद्द्यात जे म्हणालो ते इथे उलट बाजूने खरं ठरलं: आलेख पाहून नसलेली लीक दिसते, तशीच असलेली लपतेही.

बरं, रीस्टार्टने लीक जातेच असंही नाही. सेफच्या काही आवृत्त्यांत पीजी लॉगमधल्या (डेटाच्या एकेका गटातल्या बदलांच्या नोंदवहीतल्या) डुप्लिकेट नोंदी छाटल्याच जात नव्हत्या. त्या डिस्कवरही साठत, त्यामुळे ओएसडी सुरू होताना सगळ्या पुन्हा मेमरीत यायच्या आणि काही ठिकाणी तो उभा राहता राहताच ओओएम किलरच्या (मेमरी संपली की प्रोसेस मारणाऱ्या कर्नलच्या यंत्रणेच्या) हाती मरायचा. अशा वेळी कडक मर्यादा घातलेली असेल तर तो कधीच उठत नाही. उपाय होता तो डिमन बंद ठेवून ऑब्जेक्टस्टोअर टूलने त्या नोंदी छाटण्याचा. मेमपूलच्या डंपमध्ये (मेमरीच्या प्रकारवार हिशोबात) पीजी लॉगची ओळ पाहिली असती तर हे एका मिनिटात कळलं असतं.

आणि रीस्टार्ट पुरावा पुसतो. आमच्या एका क्लस्टरवर २४ नोड होते, दुसऱ्याच एका प्रणालीचे. त्यांतल्या पाच नोडची मेमरी दिवसाला सुमारे दीड जीबीने चढत होती, १९ सपाट होते. सगळ्यांचं म्हणणं एकच, रीस्टार्ट करा. आम्ही हट्टाने थांबलो आणि एका नोडवरून प्रकारवार मोजणी काढली, सहा तासांनी पुन्हा काढली. (अशी सोय बहुतेक ठिकाणी असते: ग्लस्टर या स्टोरेज प्रणालीत यूएसआर१ सिग्नल पाठवून मिळणारा स्टेटडंप, जावात क्लास हिस्टोग्राम, गोमध्ये पीप्रॉफ.) वजाबाकीत जवळपास सगळ्या ओळी वरखाली होत होत्या. एकच ओळ फक्त वर जात होती: उत्तराची वाट पाहणाऱ्या विनंत्या. ४१ हजारांच्या ६३ हजार झालेल्या. प्रत्यक्षात त्या घडीला त्या नोडवर चालू विनंत्या काहीशेच होत्या.

मग प्रश्न उरला, हेच पाच का? पाचही नोड एका सहाव्या नोडचे भागीदार होते, आणि त्या सहाव्याचं नेटवर्क पोर्ट मधूनमधून पॅकेट गाळत होतं. विनंती अर्ध्यात असताना जोडणी तुटली की पुन्हा पाठवणारा कोड त्या विनंतीचा आणखी एक रेफरन्स घ्यायचा, आणि जोडणी बंद होताना सुटायचा एकच. सहाव्याचा स्वतःचा आलेख मात्र सपाट. आजारी एक, सूज दुसऱ्याच पाचांना. एका मशीनवर कितीही डोकं खुपसलं असतं तरी हे दिसलं नसतं. नोडची नोडशी तुलना केली म्हणून दिसलं. चाचणीच्या सेटअपवर मुद्दाम पॅकेट गाळल्यावर वीस मिनिटांत तीच ओळ चढू लागली.

सहाव्या नोडची केबल बदलली त्याच दिवशी पाचही आलेख चढायचे थांबले, दुरुस्त कोड यायच्या आधीच. आधीच धरून ठेवलेली मेमरी मात्र सुटणार नव्हती. तेव्हा त्या पाच नोडना आम्ही एकदा रीस्टार्ट केलं: प्रत्येकाचा डंप आधी बाजूला काढून, आणि एक उठून क्लस्टर पूर्ण निरोगी झाल्याशिवाय दुसऱ्याला हात न लावता.