कोकणातला समुद्र हिवाळ्यात बंद नसतो

जळगाव-भुसावळच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'डिसेंबरात कोकणात जाऊ नका, किल्ल्याच्या होड्या आणि वॉटर स्पोर्ट्स बंद आहेत. जायचंच तर रेल्वेचं तिकीट चार महिने आधी काढा.' यातलं पहिलं चूक, दुसरं शिळं.

होड्या बंद असतात त्या पावसाळ्यात, समुद्र खवळलेला असतो म्हणून. हिवाळ्यात मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्याला होड्या जातात. खरा हंगामच तो. एखाद्या दिवशी वारं सुटलं तर थांबवतात, ते जेटीवर विचारावं.

तिकिटाचं नीट समजून घ्या, कारण इथेच जास्त लोक फसतात. १२० दिवसांचा नियम १ नोव्हेंबर २०२४ पासून गेला. आता ६० दिवस, त्यात प्रवासाचा दिवस धरत नाहीत. म्हणजे २५ डिसेंबरला गाडी सुटणार असेल, तर आरक्षण २६ ऑक्टोबरला सकाळी ८ वाजता उघडतं. नाताळात जागा भराभर संपतात, तेव्हा 'दिवाळीचा फराळ आटोपला की बघू' चालणार नाही. मंगला एक्सप्रेस भुसावळ, जळगावहून थेट रत्नागिरीला जाते. त्यासाठी मुंबईत गाडी बदलायची गरज नाही.

स्वेटर आपल्या स्टेशनापुरता ठेवा. आपल्याकडे पहाटे हुडहुडी भरते, तेव्हा रत्नागिरीत दुपारी पारा तिशीच्या आसपास असतो. टोपी जास्त कामाची. भरिताच्या ऐन हंगामात गाव सोडायचं की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं!