मीटर फ्री, मग पट्ट्या काय सोन्याच्या आहेत?

‘शुगर नियमित तपासत जा’ असं यापुढे मला जो कोणी ऐकवेल, त्याने येताना शुगर तपासायच्या पट्ट्यांची एक बाटली घेऊन यावी. डॉक्टर ऐकवतात, सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचे उंटावरचे शहाणे ऐकवतात, ठाण्याच्या तलावपाळीला फिरायला येणारे ओळखीचे काका तर थांबवून ऐकवतात. पैसे कोण देणार, यावर सगळ्यांची दातखीळ बसते.

घरात आम्ही दोघी शुगरवाल्या, मी आणि सासूबाई. माझं शुगर मोजायचं मीटर एका कंपनीचं, त्यांचं दुसऱ्या. दोन्ही ‘पन्नास पट्ट्या घ्या, मीटर फ्री’ म्हणून आलेली. फ्री कसलं डोंबलाचं! सगळा धंदा पट्टीचा. माझी पट्टी त्यांच्या मीटरला चालत नाही, त्यांची माझ्या. आणि मॉडेल जुनं झालं की त्याच्या पट्ट्याच मिळेनाशा होतात. मग अख्खा नौपाडा पालथा घाला, गोखले रोडचं एकेक मेडिकल विचारा, उत्तर ठरलेलं: ‘काकू, ते बंद झालं. नवीन घ्या ना, मीटर फ्री आहे.’ आमच्या टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये अशी धडधाकट मीटरं पडून आहेत. सेल टाकला की अजून सुरू होतात. करायचं काय त्यांचं?

एक पट्टी बावीस-पंचवीस रुपयांना पडते. म्हणजे एका वडापावाचे पैसे, आणि तो वडापाव मला खायचाही नाही. त्यात सासूबाईंची बोटं सकाळी गार पडलेली असतात. सुई टोचली की रक्त टिपूसभर येतं, पट्टी ते ओढायला लागते आणि मध्येच मीटर ‘एरर’ म्हणून मोकळं. गेली पट्टी! परत दुसरं बोट, परत नवी पट्टी. सासूबाई ओशाळून म्हणतात, ‘राहू दे गं, उद्या बघू.’ ऐंशीच्या घरातल्या बाईला आपलं रक्त कमी आलं म्हणून ओशाळायची वेळ यावी? तळपायाची आग मस्तकात जाते माझ्या.

बरं, जपून वापराव्यात म्हटलं, तर बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की उघडल्यापासून तीन महिन्यांत संपवा. शिवाय पावसाळ्यात झाकण जरा सैल राहिलं तरी दमट हवेने पट्ट्या खराब. रोज तपासलं तर खिसा रिकामा, अधूनमधून तपासलं तर उरलेल्या पट्ट्या कचऱ्यात.

एवढं करून आकडा तरी पक्का असावा! तर तेही नाही. मीटरसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात 100 च्या वरच्या शुगरला 15 टक्के इकडेतिकडे चालतं. खरी शुगर 200 असेल तर 170 दाखवणारं मीटरही पास आणि 230 दाखवणारंही पास. 170 दिसलं की मी खूश, 230 दिसलं की रात्रीच्या भाकरीवर संक्रांत.

22 सप्टेंबर 2025 पासून मीटर आणि पट्ट्यांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. मी हौसेने मेडिकलमध्ये विचारायला गेले. ‘जुना स्टॉक आहे, काकू.’ कर वाढला असता तर हाच स्टॉक एका रात्रीत नवा झाला असता.

गोळ्यांची तर वेगळीच तऱ्हा. एम्पाग्लिफ्लोझिन या शुगरच्या गोळीचं पेटंट मार्च 2025 मध्ये संपलं. साठेक रुपयांची गोळी इतर कंपन्यांनी दहा-बारा रुपयांच्या आसपास आणली, काहींनी तर त्याहूनही खाली. मला हे कोणी सांगितलं? डॉक्टरांनी? छे! त्यांच्या चिठ्ठीवर तोच जुना ब्रँड सुखाने नांदत होता. भाचीने मोबाइलवर बातमी वाचली म्हणून कळलं. तपासणीची फी दर वेळी हजाराच्या वर घेता ना, मग ‘ही गोळी आता स्वस्त झालीय, बदलून घ्या’ एवढं एक वाक्य त्यात बसत नाही? 2023 च्या ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी औषधं जेनेरिक नावानेच लिहावीत असा नियम आला होता. तीन आठवड्यांत त्याला स्थगिती. एवढ्या तत्परतेने आपल्याकडे दुसरं काय होतं, सांगा मला.

गोळ्यांची पाकिटंही एकमेकांशी जुळतील तर शपथ. एक दहाचं, दुसरं पंधराचं, तिसरं चौदाचं, आणि कापून द्यायची नाहीत. त्यामुळे महिन्यात कधीही काहीतरी संपलेलंच असतं. वर मेथीचं पाणी आणि कारल्याचा रस सुचवणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार.

मेडिक्लेम? हप्ता घेताना डायबेटिस आहे म्हणून जास्त घेतात. गोळ्यांचं बिल दाखवलं की ‘ओपीडी कव्हर होत नाही’. पट्ट्या तर नाहीच नाहीत. म्हणजे शुगर आटोक्यात ठेवायची ती पदरच्या पैशाने. ती बिघडून, पायाची जखम चिघळून, अॅडमिट होऊन पाय कापायची वेळ आली की मग कॅशलेस! हे ज्याने ठरवलं त्याच्या बोटाला मला रोज सकाळी सुई टोचायची आहे, आणि पट्टीचे पैसेही त्याच्याकडूनच घ्यायचे आहेत.

परवा पट्ट्यांच्या खर्चाचं रडगाणं डॉक्टरांपुढे गायले, तर म्हणतात, ‘मग दंडावर शुगरचा सेन्सर लावून बघा ना, रोज टोचायची कटकटच नाही.’ किंमत विचारली. 5,000 च्या आसपास. चौदा दिवस चालतो. नंतर? ‘नंतर नवीन लावायचा.’