‘अंडीचोरांचा सत्कार’ म्हणणाऱ्या वाचकास

सागरपुत्र, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया एकही अक्षर न गाळता ठेवली आहे. दोन ओळींत आभार मानून पुढे जाणार होतो. पण तिच्यातलं एक वाक्य मला लागलं आहे, आणि मी ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांच्या घरीही ते मोबाईलवर वाचलं गेलं आहे. म्हणून हे सविस्तर उत्तर.

ज्यांनी मागचा लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आमच्या तालुक्यात जानेवारीत एक सत्कार झाला. कासवांची घरटी राखणारे दोघे, देवरहाटीला, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या राईला, कुऱ्हाड लागू न देणारे एका गावचे मानकरी, खाडीकाठच्या कांदळवनाची (खारफुटीची) निगा राखणारा बायकांचा बचत गट आणि जाळ्यात आलेलं कासव जाळं कापून सोडून देणारे एक तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, अशा सगळ्यांना गावासमोर बोलावून मान दिला गेला. असं प्रत्येक तालुक्यात दर वर्षी व्हायला हवं, असं मी लिहिलं. त्यावर तुम्ही लिहिता:

“शाल-नारळाने समुद्र वाचत नाही. ज्यांनी आयुष्यभर कासवाची अंडी ओरबाडून खाल्ली त्या अंडीचोरांना आता स्टेजवर बसवता? निवड कोण करतं, पैसे कुणाला मिळतात, कारखान्यांच्या सांडपाण्यावर गप्प का? पर्यावरणाच्या कार्यक्रमाला प्लास्टिकचा फ्लेक्स! शहरात बसून गावाला प्रमाणपत्रं वाटणं सोपं असतं.”

आधी सुराबद्दल बोलू. टीका मला नवी नाही. जांभ्याच्या खाणींवर लिहिलं तेव्हा याहून कडक पत्रं आली होती आणि त्यांना मी आदराने उत्तरं दिली. पण ती माणसं माझ्याशी भांडत होती. तुम्ही माझ्याशी भांडताना मध्येच ज्यांनी तुमचं काही वाकडं केलं नाही त्यांच्या अंगावर गेलात. तेही टोपणनावाआडून. ज्यांना तुम्ही चोर म्हणता ते आपल्या नावानिशी, आपल्या गावात, आपल्या भाऊबंदांसमोर उभे राहिले होते. एवढा फरक तुमच्या लक्षात यायला हरकत नव्हती.

फ्लेक्सचं म्हणणं मात्र मान्य. तो नको होता, कापडी चालला असता. आयोजकांना मी त्याच दिवशी तसं सांगितलं होतं आणि पुढच्या वेळी तो दिसणार नाही.

आता अंड्यांकडे येतो.

हो, खाल्ली. आमच्या किनाऱ्यावर कासवाची अंडी खाल्ली जायची, बाजारात विकलीही जायची. माझ्या घरीही चुलीवर उकडली गेली आहेत. तुम्ही पाहिलं असेल की नाही मला माहीत नाही, म्हणून सांगतो. कोंबडीच्या अंड्यासारखं कडक कवच त्याला नसतं. ते गोल, पांढरं आणि चामड्यासारखं असतं, बोटाने दाबलं तर खळगा पडतो आणि तसाच राहतो. कितीही उकडा, आतला पांढरा भाग घट्ट होत नाही. लहानपणी आम्हा पोरांना त्याचं फार नवल वाटायचं. माझे चुलते पहाटे ओहोटीला जाऊन अंडी आणायचे आणि आई ती शेजारीपाजारी वाटायची. ती चोरी आहे असं आमच्या आळीत कुणाच्या मनातही नव्हतं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात या ऑलिव्ह रिडले कासवाला पहिल्या अनुसूचीचं, म्हणजे सर्वांत कडक, संरक्षण मिळालं. पण तो कायदा सांगायला आमच्या वाडीत त्या काळात कुणी आलं नव्हतं. पावसाळ्याआधी घरात चार महिन्यांची बेगमी आहे की नाही, हीच तेव्हा चिंता असे.

तुम्ही हे सगळं ‘ओरबाडून’ या एका शब्दात आटपलंत. जरा थांबून विचार करा, घरटं सापडतं कसं? मादी रात्री भरतीच्या सुमाराला वर येते, वाळूत दीडेक फूट खोल मडक्याच्या आकाराचा खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू ओढून अंगाच्या भाराने ती दाबते आणि निघून जाते. मागे राहतो फक्त येण्या-जाण्याचा माग. वारा सुटला किंवा पुढची भरती जरा वर चढली की तोही पुसला जातो. मग खाली काय आहे ते कळायला वाळू ओळखावी लागते. ज्यांचा सत्कार झाला त्यातल्या एकांनी मला दाखवलं होतं. हातात साधी काठी. ती दाबायची नाही, नुसती टेकवायची आणि तिचंच वजन तिला न्यायला द्यायचं. “घट वालूत काठी अडते. घरट्यावर ती आपसूक खाली जाते. तितं थांबायचा, नायतर अंडा फुटला,” ते म्हणाले. थांबायचं नेमकं कुठे, हे त्यांच्या मनगटाला कळतं. कुठल्याही प्रशिक्षणात ते दोन दिवसांत शिकवता येत नाही.

हे ज्ञान आलं कुठून? अंडी काढूनच आलं. बापाकडून, आज्याकडून आलं. तेच मनगट आज अंडी हलकेच उचलतं, उलटी-पालटी होऊ न देता टोपलीत ठेवतं, कुंपणातल्या खड्ड्यात तितक्याच खोल पुरतं आणि वर तारखेची पाटी लावतं. पुढचे दीड-दोन महिने कुत्री, कोल्हे, घोरपडी यांच्यापासून त्यांची राखण चालते. पिल्लं वर येऊ लागली की सकाळ-संध्याकाळ घरट्यावर झाकलेली टोपली उचलून बघायचं आणि त्यांना पाण्यापासून थोडं अलीकडे सोडायचं, म्हणजे ती आपल्या पायांनी वाळू तुडवत जातात. काल अंडी खाणारा माणूस आज हे करतो, ही तुमच्या लेखी लाजेची गोष्ट आहे. माझ्या लेखी सत्कार करण्याजोगी कोकणात दुसरी गोष्ट शोधून सापडायची नाही. ज्याने कधी अंडं खाल्लं नाही, ज्याच्या दाराशी कधी कासव आलं नाही, त्याने काय सोडलं?

आणि हे आमच्याच गावात घडलं असंही नाही. मंडणगड तालुक्यातलं वेळास आज सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने, भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, तिथे २००२ पासून काम सुरू केलं. गावकऱ्यांना शत्रू धरून ते काम उभं राहिलं असतं का? किनारा ज्यांना पाठ होता त्यांनाच त्यांनी राखणीला घेतलं. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरू लागले, घरच्या बायकांच्या हातचं जेवण जेवू लागले आणि गावाला आपल्या किनाऱ्याची किंमत कळली. आंजर्ल्यासारखी गावं त्याच वाटेने गेली. पुढे वनविभाग आला, कांदळवन कक्ष आला. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या एका मादीवर उपग्रहाद्वारे माग काढणारं यंत्र बसवलं आणि तिचं नाव ठेवलं ‘प्रथमा’. पण ते यंत्र बसवायला मादी किनाऱ्यावर यावी लागते, आणि ती आली हे कुणीतरी रात्री चालून बघावं लागतं.

याच्या उलट उदाहरणही आपल्याच कोकणात आहे. मालवणला १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झालं. एकूण क्षेत्र २९ चौरस किलोमीटरच्या आसपास. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढून पोट भरणाऱ्यांना आधी विश्वासात घेतलं नाही, आणि विरोध सुरू झाला तो वर्षानुवर्षं राहिला. आधी पाटी आणि मग माणसं, असं केलं की काय होतं ते तिथे दिसलं.

‘शाल-नारळाने समुद्र वाचत नाही’ हे तुमचं वाक्य चटपटीत आहे. पण तुम्ही खरंच कोकणातले असाल, आणि टोपणनावावरून तसं वाटतं, तर मान म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगावं लागावं याचं मला आश्चर्य वाटतं. शिमग्यात पालखी आधी कुणाच्या दारात जाणार, खांदा कुणी द्यायचा, होळीचा पहिला नारळ कुणाचा, यावरून आपल्याकडे भावकीत बोलणं बंद होतं, तहसीलदारांपुढे बैठका होतात, प्रकरणं कोर्टात जातात. मुंबईहून माणसं रजा टाकून, रात्रभर उभ्याने प्रवास करून त्या पालखीसाठी येतात. असल्या मुलखात चार गावांसमोर मिळालेला नारळ क्षुल्लक कसा?

ज्यांना चोर म्हणालात त्यातल्या एकांच्या घराण्याला गावात कसलाच मान नाही. देवळात त्यांची जागा कायम मागे, खांबाला टेकून. त्या दिवशी नाव पुकारलं तेव्हा ते उठलेच नाहीत, आपल्याच नावाचं दुसरं कुणी असेल असं त्यांना वाटलं. शेजारच्याने कोपराने ढोसलं तेव्हा उभे राहिले. नारळ दिला तो गावच्या मानकऱ्यांनी, स्वतःच्या हाताने. मी तिथे होतो. तुम्ही नव्हता. त्यानंतर त्यांच्या वाडीतली पोरं, जी त्यांना ‘कासववाला’ म्हणून चिडवायची, पहाटे किनाऱ्यावर माग दिसला की त्यांना फोन करू लागली आहेत. हे कुठल्या दंडाने झालं असतं ते सांगा.

सरकारी पुरस्कार आहेतच. सामाजिक वनीकरणाचा छत्रपती शिवाजी महाराज वनश्री पुरस्कार आहे, वन समित्यांसाठी संत तुकाराम वनग्राम योजना आहे. चांगलं आहे, असावेत. पण त्यांचा डोळा मुख्यतः झाडांवर आणि जंगलावर. वाळूवर चालणारा माणूस, खाडीच्या चिखलात उतरणारी बाई त्या रकान्यात बसत नाही. आणि अर्ज भरायला, फायली जोडायला जो बसतो तो बहुधा काम करणारा नसतो. म्हणून मी म्हटलं की तालुक्याने, गावाने स्वतः शोधून मान द्यावा. दोडामार्गातल्या हेवाळे-बांबर्ड्याची राई बघा. अडीच हेक्टरांच्या आसपासचा दलदलीचा तुकडा, त्यात जायफळाच्या जातकुळीतल्या मायरिस्टिकाची जुनी झाडं. देवाची म्हणून गावाने ती पिढ्यान्पिढ्या राखली. राज्याने तिला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केलं, तेव्हा गावाच्या राखणीवर शिक्का बसला. उद्या तिथे कुणी रस्ता काढायला आला तर गावाच्या हातात दाखवायला कागद आहे. ओळख मिळाली की एवढं होतं.

पैशांबद्दल तुम्ही विचारलंत. संरक्षित प्राणी जाळ्यातून सोडताना जाळं कापावं लागलं तर भरपाईपोटी २५ हजारांपर्यंत रक्कम देण्याची राज्याची योजना २०१८ पासून आहे, फोटो-व्हिडिओचा पुरावा द्यावा लागतो. त्या तांडेलांना मी तिची माहिती दिली आहे. सत्कारात रोख रक्कम नव्हती आणि असावी असं मी कुठे लिहिलेलं नाही. निवड कोण करतं, हे कार्यक्रमात सांगितलं होतं. कारखान्यांचं सांडपाणी हा मोठा विषय आहे, त्यावर स्वतंत्र लिहीन. प्रत्येक लेखात प्रत्येक गोष्ट आली पाहिजे असा आग्रह धरला तर कुणालाच काही लिहिता येणार नाही. कारखान्यावर बोललं नाही म्हणून घरटं राखणाऱ्याला हिणवायचं, हा कुठला न्याय?

राहता राहिलं ‘शहरात बसून’. नोकरीपायी मी पुण्यात राहिलो, हे मी कधी लपवलेलं नाही. कोकणातल्या निम्म्या घरांची तीच कथा आहे, तुमच्याही घरातलं कुणी मुंबईला असेलच. पण माझी नाळ ज्या वाडीत पुरली आहे ती समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे, माझ्या नावाने आजही तिथे घरपट्टी भरली जाते, आणि बंदीच्या काळात, जून-जुलैत, होड्या शाकारून ठेवताना मी बापाच्या हाताखाली उभा राहिलेलो आहे. आपण कोण, कुठले, हे न सांगता दुसऱ्याचा गाव कोणता हे ठरवणं मला शोभलं नसतं.

तुमची पुढची प्रतिक्रियाही मी प्रसिद्ध करीन. त्यात माझ्याबद्दल काय हवं ते लिहा. त्या चौघा-पाच जणांबद्दल लिहायचं असेल तर मात्र स्वतःचं नाव आणि गाव घालून लिहा, नाहीतर तेवढा भाग मी काढून टाकीन. आणि तुमच्या गावात असं काम करणारं कुणी असेल, ज्याने कधीच अंडं खाल्लं नाही असंही असेल, तर त्याचं नाव दिवाळीच्या आत कळवा. पुढच्या सत्काराची यादी तेव्हा पक्की होते.