घरात पुरुष कोण राहते?

"नवरा वारला ना? मग घरात पुरुष कोन राहते?" एका पन्नाशीच्या बाईला तहसीलच्या भर खिडकीवर, मागे अख्खी रांग उभी असताना हे विचारायचा अधिकार कोणत्या जीआरने दिलाय, ते मला कुणीतरी सांगा.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी आज हे सांगत होत्या. सांगता सांगता तव्यावरची पोळी करपली. आणि वर मलाच म्हणतात, "जाऊ द्या ना ताई, त्यायचं कामच आहे ते." माझं डोकं तेव्हापासून जे फिरलंय ते फिरलंय.

मावशींना राज्याच्या संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला १५०० मिळतात, विधवा म्हणून. अट काय, तर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत. म्हणजे महिन्याला १७५०! नागपुरात एवढ्यात कुणाचं घर चालतं हो? उत्पन्नाचा दाखला देणाऱ्यालाही माहीत असतं. आणि हो, मान्य, माझ्याकडच्या पोळ्यांचे पैसे धरले तरी मावशी अटीबाहेर जातात. पण त्याबद्दल खिडकीवर कुणी अवाक्षर काढलं नाही. चौकशी झाली ती पुरुषाची.

आहे पुरुष. ऑटो चालवतो. त्यांच्याच गावाकडचा, बायको गेलेला. पाट लावला नाही, कोर्टात गेले नाहीत, राहतात दोघं. वस्तीत कुणाच्या तरी पोटात दुखलं आणि तक्रार गेली.

मागे मावशींचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं मेडिकलला, म्हणजे इथल्या सरकारी हॉस्पिटलात. हा माणूस वॉर्डाबाहेर चटई टाकून झोपायचा, सकाळी तिथूनच सवारी शोधायला जायचा. मी भेटायला गेले तेव्हा पाहिलं, कागदावर नात्याच्या रकान्यात लिहिलं होतं 'शेजारी'. अक्षर त्याचंच. नवरा लिहिलं तर अनुदान जाईल, ही धास्ती तेव्हाही होतीच.

आता गंमत बघा. याच सरकारच्या लाडक्या बहिणीला नवरा चालतो, आणि घरात अडीच लाखांपर्यंत उत्पन्नही चालतं. पैसे तेवढेच, १५००. विधवेला मात्र २१ हजार! केंद्राच्या विधवा पेन्शनचं आणखी सरळ आहे, पुनर्विवाह केला की बंद. पीएफच्या पेन्शनचंही तेच. २०२२ साली हेरवाड गावाने विधवा प्रथा बंद केल्या, राज्याने लगेच परिपत्रक काढलं, आपण सगळ्यांनी पोस्टी टाकल्या. कुंकू लावा म्हणाले. कुंकू लावलं की पैसे कापणार, हे कोण सांगणार?

"परदेशातही असंच असतं" म्हणणारे येतीलच, म्हणून आधीच सांगते. असतं. इंग्लंडात युनिव्हर्सल क्रेडिटला, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी भत्त्याला, लग्न झालेलं असो-नसो, एकत्र राहणाऱ्या जोडप्याला एकच अर्ज करावा लागतो, आणि दोन एकट्यांना मिळून जेवढं मिळेल त्याहून कमी मिळतं. मला तेही पटत नाही. पण तिथे जोडीदार निदान नियमात लिहिलेला आहे, आणि अर्जात त्याचंही पोट धरलं जातं. आपल्याकडे अनुदान कापायचं तेव्हा तो नवरा. उद्या त्या ऑटोवाल्याचं काही बरंवाईट झालं, तर मावशी त्याच्या कोण? शेजारीण!

खोटे दाखले काढणारे आहेत, मला माहीत आहे. लाडक्या बहिणीचे पैसे पुरुषांनीही उचलले, तेही आपण वाचलं. पकडा ना त्यांना. त्यासाठी एका बाईच्या खोलीत कुणाच्या चपला आहेत हे कशाला मोजता?

जरा जास्तच बोलले का? असू द्या. मावशी जाताना हळूच विचारत होत्या, "ताई, त्याले थोडे दिवस दुसरीकडं राह्यले सांगू का?" मला उत्तरच सुचलं नाही. या वयात, पंधराशे रुपयांसाठी, माणसाला घराबाहेर काढायचं!

मैत्रयादीत कुणी वकील असेल किंवा तहसीलमध्ये काम केलेलं असेल, तर इनबॉक्समध्ये कळवा: लग्न न करता सोबत राहणारा माणूस उत्पन्नाच्या दाखल्यात कुटुंबात धरतात का, आणि धरत असतील तर कोणत्या कागदावरून? मावशींना सोमवारी परत बोलावलंय.