परदेशात का आलात? असं विचारलं तर काय सांगाल

परवा इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, मराठी मंडळाने भारतातल्या इंजिनिअरिंगच्या पोरांसाठी झूमवर कार्यक्रम ठेवला होता, 'आम्ही परदेशात का आलो'. पॅनेलवरचे सगळे न्यू जर्सीचे आणि सगळे म्हणे चॅलेंजसाठी आलेले. पैशासाठी एकही नाही! उद्या तुम्हालाही बोलावतील, तर तयारी असू द्या.

पैसा हा शब्द तोंडातून काढायचा नाही. 'ग्लोबल एक्सपोजर' म्हणायचं. टीममध्ये सगळे हैदराबाद-चेन्नईचे आणि शनिवारी ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानांत वडापाव, पण एक्सपोजर ते एक्सपोजरच.

वर्क-लाइफ बॅलन्सवर जरूर बोला, फक्त रात्री साडेनऊचा भारतातल्या टीमबरोबरचा ऑफशोअर कॉल म्यूट करून.

आईवडिलांसाठी आलो म्हणा. परत जाताना हेच कारण पुन्हा वापरता येतं.

आणि 'ग्रोथ' विसरू नका हं. आमच्या पॅनेलवरचे एक काका म्हणाले, मला एका जागी स्वस्थ बसवतच नाही. काका २०१४ पासून त्याच कंपनीत, त्याच पदावर, प्रमोशन आलं तर वकील म्हणाला काम बदललं की ग्रीन कार्डासाठीचं पर्म, म्हणजे कामगार खात्याची मंजुरी, परत करावं लागेल, म्हणून नको म्हणाले, आणि दर महिन्याला व्हिसा बुलेटिन, म्हणजे ग्रीन कार्डाची लाइन कुठवर आली ते सांगणारं सरकारी पत्रक, उघडून आपल्या लाइनीची तारीख दोन आठवडे तरी सरकली का बघतात, कारण नोकरीवरची ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,००० आणि एका देशाला त्यातली ७ टक्के, त्यातच बायकापोरंही मोजायची, वर पोरगी २१ ची झाली की तिचं नाव लाइनीतून बाहेर, नोकरी गेली की ६० दिवसांत दुसरी शोधा नाहीतर देश सोडा. याला ग्रोथ म्हणतात होय?

शेवटी एका पोराने विचारलं, सर, शिक्षणाचं लोन किती वर्षांत फिटतं? तर सूत्रसंचालक हसून म्हणाले, आपण पॉझिटिव्ह बोलूया.

अरे काय पॉझिटिव्ह? त्या पोराच्या बापाने घर तारण ठेवलंय. मास्टर्स झालं की स्टेमवाल्यांना, म्हणजे सायन्स-इंजिनिअरिंगवाल्यांना, ३ वर्षांचं ओपीटी, म्हणजे शिकून झाल्यावर काम करायची परवानगी, मग नोकरीच्या ८५,००० एच-१बी व्हिसांची लॉटरी, नंबर नाही लागला तर बॅग भरायची आणि हप्ते रुपयात पगार घेऊन फेडायचे. हे तुम्हाला सगळ्यांना पाठ आहे, रात्री दोन वाजता उठवून विचारलं तरी सांगाल, मग त्यालाच का सांगत नाही? भाडं किती, हातात किती पडतात, तुमची स्वतःची तारीख कुठे अडकलीये, ते बोला ना! डॉलरसाठी आलो म्हणायला लाज कसली वाटते, चोरी केलीये का?