२० टक्के बिलो म्हणजे २० टक्के बचत? एका प्रतिक्रियेला उत्तर

नागपूर मनपाच्या खर्चावरच्या ‘बिलो टेंडरची बचत’ (बिलो म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा कमी दर) या मागच्या लेखाखाली एका वाचकाची प्रतिक्रिया आली. सगळ्यांना संदर्भ कळावा म्हणून तिचा गाभा इथे देतो: “साहेब, तुम्ही घरी बसून कायले ज्ञान पाजळून राहिले? अंदाजपत्रकापेक्षा २० टक्के कमी दरानं काम गेलं म्हणजे जनतेचे २० टक्के वाचले, साधं गणित आहे. तुम्हाले टन अन् घनमीटर यातला फरक समजत नाही अन् मनपाले शिकवून राहिले. पयले अधिकाऱ्यांच्या गाड्या अन् चहा-नाश्ता बंद कराले सांगा. नाहीतर कोन्या ठेकेदारानं लिहाले लावलं ते तरी सांगा.”

भाऊ, शेवटच्या वाक्यापासून सुरू करतो, कारण तेच लिहिताना तुम्हाला जास्त मजा आलेली दिसते. लेखात मी बिलो भरणाऱ्या ठेकेदारांचं पितळ उघडं केलं. मग मला लिहायला लावलं कोणी, त्याच ठेकेदारांनी? आरोप करण्याआधी निदान मी कोणाचा माणूस आहे हे तरी ठरवायचं होतं. मतभेद असू द्या, पण माणसाच्या हेतूवर शिंतोडे उडवून मग ‘साधं गणित’ शिकवायला बसणं, ही आपल्याकडे नवी रीत आलेली दिसते.

टन आणि घनमीटर. मान्य. त्या लेखाच्या दुसऱ्या परिच्छेदात दोन ठिकाणी ‘टन’ हवं तिथे ‘घनमीटर’ पडलं होतं. काल दुरुस्त केलं. चूक दाखवल्याबद्दल आभार. मात्र अंदाजपत्रकं आणि मोजमाप पुस्तिका तपासण्यात माझी बावीस वर्षं गेली आहेत, तेव्हा टायपिंगच्या चुकीला अज्ञान म्हणायची घाई नको.

आता ते साधं गणित.

रस्त्याच्या कामाचं अंदाजपत्रक दरसूचीवर, म्हणजे सरकारी दरांच्या यादीवर बनतं आणि दरसूचीच्या दरात ठेकेदाराचा नफा साधारण १० टक्के धरलेला असतो. १०० रुपये खर्चाचं काम ११० रुपयांचं दाखवलं जातं. ११० वर २० टक्के कमी म्हणजे ८८. म्हणजे नफा सोडूनही ठेकेदार १२ रुपये खिशातून घालायला तयार आहे, असं तुमचं म्हणणं. इतका दानशूर माणूस महाटेंडर्सवर, म्हणजे राज्याच्या ऑनलाइन निविदांच्या संकेतस्थळावर, कशाला येईल?

या १२ रुपयांचे तीनच अर्थ होतात. पहिला, अंदाजपत्रकच फुगवलेलं आहे: खडीचा लीड (वाहतुकीचं अंतर) जास्त दाखवला किंवा आधीच्या थरावर भागलं असतं तिथे खोदकाम धरलं. तसं असेल तर २० टक्के वाचले नाहीत, जे कधी लागणारच नव्हते ते लागले नाहीत, एवढंच. दुसरा, ठेकेदाराचा खर्च खरोखरच कमी आहे: स्वतःचा हॉट मिक्स प्लांट (गरम डांबर-खडी मिसळण्याचा कारखाना), रिकामी उभी असलेली यंत्रं, जवळची खाण. असं होतं, मी नाकारत नाही. पण त्यातून पाच-सात टक्के निघतात, वीस नाही. तिसरा, रस्त्यात माल कमी पडतो. हा अर्थ जागेवर दिसतो, आणि लेखाचा अर्धा भाग त्यावर होता. तो तुम्ही वाचला नाही असं धरून पुन्हा सांगतो.

१०० मीटर लांब, ६ मीटर रुंद गल्ली. ६०० चौरस मीटर. वर ४० मिलिमीटरचा बीसीचा, म्हणजे डांबरी काँक्रीटचा थर. माल झाला २४ घनमीटर (इथे घनमीटरच बरोबर आहे, तपासून घ्या). दाबलेल्या मालाची घनता घनमीटरला साधारण २.३५ टन धरली तर ५६ टन. तोच थर ३० मिलिमीटरचा टाकला तर ४२ टन. १४ टन माल प्लांटवरून निघालाच नाही. दहा टनाच्या टिपरनं मोजलं तर सहाच्या जागी चार-साडेचार खेपा. नव्या रस्त्यावर दोघांत फरक ओळखणारा डोळा मी तरी पाहिला नाही. दोन्ही सारखेच काळे, सारखेच गुळगुळीत. एमबीत (मोजमाप पुस्तिकेत) मात्र ४० मिलिमीटरच चढतं, कारण कोअर, म्हणजे थराचा गोल तुकडा, कापून काढून बघितल्याशिवाय जाडी कळत नाही आणि कोअर प्रत्येक गल्लीत काढला जात नाही.

आणि १० मिलिमीटर कमी म्हणजे आयुष्यही चौथ्या हिश्शानंच कमी, असाही हिशोब करू नका. पातळ थर लवकर थंड होतो. व्हीजी-३० डांबराचा माल प्लांटवर १५० ते १६५ अंशांना निघतो, अंथरताना तो १४० च्या खाली नको आणि तो ९० च्या खाली उतरायच्या आधी रोलर फिरून झाला पाहिजे. डिसेंबरातल्या नागपुरी रात्री तीन सेंटीमीटरचा थर किती वेळ गरम राहणार? रोलर फिरतो, पण माल दबत नाही. आत पोकळ्या राहतात. जून-जुलैत पाणी शिरतं, डांबर खडीला सोडतं आणि पोळ्यापर्यंत खड्डा तयार.

टॅक कोटचं वेगळंच. जुन्या थरावर नवा चिकटावा म्हणून इमल्शन (पाण्यात मिसळलेलं डांबर) फवारतात, चौरस मीटरला २०० ते ३०० ग्रॅम. आपल्या गल्लीला १२० ते १८० किलो, म्हणजे पुरता एक ड्रमही नाही. तरी बिलोच्या कामात पहिली काट यालाच लागते, कारण झाकून टाकलं की दिसत नाही. कधी फवारतात, पण जुना रस्ता झाडत नाहीत आणि धुळीला चिकटवतात. कधी फवारल्या फवारल्या माल टाकतात. इमल्शन आधी चॉकलेटी असतं, पाणी सुटून काळं पडलं की मगच वर माल टाकायचा. तेवढं न थांबता टाकलं की थर खालच्याला धरतच नाही. चौकात, जिथे ब्रेक लागतात, तिथे वरचा थर ढोकळ्यासारखा सरकतो आणि काठाला पापुद्रे सुटतात. तुमच्या वॉर्डात असा पापुद्रा दिसला तर बुटाच्या टोकानं उचलून बघा. खाली जुना रस्ता करडा आणि धुळकट दिसला तर ड्रम उघडलाच नव्हता, किंवा झाडू फिरला नव्हता.

वाचकहो, हे तुम्हीही तपासू शकता, त्यासाठी इंजिनिअर असायची गरज नाही. काम चालू असताना खेपा मोजा आणि काटापावत्या बघायला मागा. रोलर फिरायच्या आधी सुट्या मालात पोलादी पट्टी रोवा: ४० चा थर हवा असेल तर ती ५० च्या आसपास बुडाली पाहिजे, कारण दाबल्यावर जाडी पाचव्या हिश्शानं उतरते. नंतर झोन कार्यालयात माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा स्टॅम्प लावून अंदाजपत्रक, कार्यादेश आणि एमबीच्या प्रती मागा. नुसतं अंदाजपत्रक मागू नका, त्यात सगळं सुरेखच असतं.

एवढ्यानंही पटत नसेल तर सरकारलाच विचारा. कमी दर म्हणजे बचत, इतकं साधं असतं तर राज्याच्या बांधकाम विभागानं बिलोवर जादा अनामत कशाला लावली? १० टक्क्यांपर्यंत कमी दर असेल तर एक टक्का. त्यापुढे १५ पर्यंत प्रत्येक टक्क्याला एक, आणि १५ च्या पुढे प्रत्येक टक्क्याला दोन. २० टक्के बिलोला १, ५ आणि १० मिळून १६ टक्के. ५० लाखांच्या कामाला ८ लाख रुपये अडकवून ठेवायचे. शासनाला त्या २० टक्क्यांची धास्ती वाटते आणि तुम्हाला त्यात बचत दिसते. अर्थात अनामत काम झाल्यावर परत जाते, ती पट्टी रोवून जाडी मोजत नाही. म्हणून ती उपाय आहे असंही मी म्हणत नाही.

अजून एक खोच लेखात राहून गेली होती, तुमच्या निमित्तानं लिहितो. बी-वन निविदेत, म्हणजे अंदाजपत्रकावर एकच टक्केवारी भरायच्या निविदेत, २० टक्के कमी दर लागतो तो निविदेतल्या बाबींना. जी बाब निविदेत नव्हती ती ईआयआरएलमध्ये (जादा बाबींच्या दरयादीत) नव्या दरानं येते. निविदेतल्या परिमाणापेक्षा २५ टक्क्यांहून जास्त वाढ झाली तर करारातला क्लॉज ३८ लागतो आणि त्या वाढीचा दर वेगळा ठरतो. हुशार ठेकेदार दर भरण्याआधी अंदाजपत्रकात काय विसरलंय ते शोधतो: चेंबरची झाकणं वर घेणं, पाण्याच्या लाइनीचं स्थलांतर, कडेचा मुरूम. तिथेच त्याचे १२ रुपये परत येतात. काम उघडलं तेव्हाची बातमी ‘२० टक्के बचत’, अंतिम देयकाची बातमी कुठेच नाही. बचत मोजायची तर अंतिम देयक भागिले रस्ता टिकलेली वर्षं, असं मोजा. त्यावर १८ जुलै २०२२ पासून १२ चा १८ टक्के झालेला जीएसटी धरायलाही विसरू नका.

गाड्या आणि चहा-नाश्ता? करा बंद, माझी हरकत नाही. लेखाचा विषय तो नव्हता. वाचकांना वाचायला आवडतं म्हणून दरवर्षी कोणीतरी चहाचा हिशोब काढतं आणि पंपांच्या वीजबिलाकडे कोणी बघत नाही. पेंच आणि कन्हान नद्यांचं पाणी शहरात चढवायला लागणारी वीज, उच्चदाब जोडणीवर २०२० पासून आलेली केव्हीएएच बिलिंग (यात वाया जाणाऱ्या विजेचेही पैसे लागतात), ती वाया जाणारी वीज कमी करणारी कपॅसिटर बँक बिघडली तर त्याच कामाला वाढणारे युनिट, यावर लेखात तीन परिच्छेद होते. नागपूरच्या भांडेवाडीत प्रक्रिया केलेलं सांडपाणी वीजकेंद्राला देऊन मनपा पैसे कमावते, हेही होतं. त्यावर तुमच्याकडून एक शब्द नाही.

प्रतिक्रिया काढलेली नाही. मधलं एक वाक्य मात्र वगळलंय, त्यात माझ्या आईचा उल्लेख होता. पुढच्या वेळी तुमच्या वॉर्डातल्या एखाद्या कामाची एमबी घेऊन या, पानं इथे लावू आणि आकडे मिळून तपासू.