‘एका इंजेक्शनात डिप्रेशन गायब’? जरा दमानं घ्या

कोल्हापुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. सार असं: केटामाइन या भुलीच्या औषधाच्या थेरपीनं वर्षानुवर्षांचं डिप्रेशन 40 मिनिटांत जातं, गोळ्या बंद, शॉकची (मेंदूला विजेचा झटका देण्याच्या उपचाराची) गरज नाही, भुलीचंच औषध म्हणजे सुरक्षित, समुपदेशक सोबत असला की घरीही घेता येतं, आणि खरं काम समुपदेशनच करतं. शेवटी ‘नाद खुळा रिझल्ट’. औषध लवकर काम करतं, एवढं खरं आहे. बाकीचं एकेक करून बघू.

‘40 मिनिटांत जातं.’ 40 मिनिटं हा औषध सलाईनमधून सोडायचा वेळ. उतार काही तासांत जाणवू लागतो, दुसऱ्या दिवशी जास्त दिसतो, आणि एकाच डोसवर थांबलं तर बहुधा आठवडाभरात ओसरतो. म्हणून आठवड्यातून दोनदा, तीन आठवडे असे सहा डोस देण्याची पद्धत आहे; पुढे अंतर वाढवत न्यायचं. प्रत्येक वेळी अर्धा दिवस जातो, सोबत माणूस लागतो, आणि रात्रीची झोप होईपर्यंत गाडी चालवायची नाही. गडहिंग्लज-चंदगडहून येणाऱ्याला हे सहा वेळा जमेल का, ते आधीच ठरवावं. तिसऱ्या डोसनंतर बरं वाटलं म्हणून येणं थांबलं, की आजार परतायला वाट मोकळी.

‘गोळ्या बंद करा.’ अजिबात नको. किमान दोन वेगवेगळ्या गोळ्या पुरेशा डोसात, पुरेसे आठवडे घेऊनही फरक पडला नाही, तर केटामाइनचा विचार होतो. पंधरा दिवसांत सोडलेली गोळी ‘लागू पडली नाही’ यात धरत नाहीत. अचानक बंद केली तर चक्कर, बेचैनी, झोपमोड सुरू होते. मग त्रास कशाचा, हेच कळत नाही.

‘भुलीचं औषध म्हणजे सुरक्षित.’ इथं हिशोब बघा. डिप्रेशनसाठी प्रचलित डोस दर किलो वजनाला 0.5 मिलिग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 30. भूल देताना शिरेतून 60 ते 120 मिलिग्रॅम जातं, पण तिथं भूलतज्ज्ञ उशाशी असतो. मिलिलिटरला 50 मिलिग्रॅमच्या वायलमधून (औषधाच्या छोट्या बाटलीतून) 30 मिलिग्रॅम म्हणजे फक्त 0.6 मिलिलिटर. ते 100 मिलिलिटर सलाईनमध्ये मिसळून पंपावर ताशी 150 मिलिलिटरचा वेग लावला की 40 मिनिटं होतात. मिलिलिटरला 10 मिलिग्रॅमची वायलही असते. लेबल न वाचता एकीचा हिशोब दुसरीला लावला, तर डोस थेट पाचपट चुकतो. पंपाऐवजी हातानं थेंब मोजत सोडलं, तर वेग पुढेमागे होतो. वेग वाढला की रक्तदाब चढतो, उलटी होते, आपण शरीराबाहेर गेल्यासारखं वाटून रुग्ण घाबरतो. म्हणून आधी, मधे आणि नंतर रक्तदाब बघतात. तो आधीच 140/90 च्या वर असेल, तर उतरेपर्यंत थांबणं शहाणपणाचं. भ्रम-भास होणारा आजार, ताब्यात नसलेला रक्तदाब, गर्भारपण, नशेचं व्यसन यांत सहसा देत नाहीत. वारंवार जास्त प्रमाणात घेणाऱ्यांची लघवीची पिशवी सोलवटते, हे मेसेजवाले कुणी सांगत नाही.

‘घरीही घेता येतं.’ भारतात केटामाइन 2013 पासून शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीत आहे: चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक दुकानदाराकडे राहते. अमेरिकेत एस्केटामाइन या केटामाइनच्याच प्रकारातल्या नाकात मारायच्या स्प्रेला 2019 मध्ये परवानगी मिळाली, तीसुद्धा दवाखान्यातच घेऊन किमान दोन तास देखरेखीखाली बसायच्या अटीवर. घरी उलटी श्वासनलिकेत गेली, तर समुपदेशक काय करणार?

‘खरं काम समुपदेशनच करतं.’ हा दावा सगळ्यात गोड, म्हणून जरा जपून. केटामाइनवरचे बहुतेक मोठे अभ्यास समुपदेशनाशिवायचे आहेत. ब्रिटनमध्ये 2022 साली दारूच्या व्यसनावर 96 जणांचा अभ्यास आला. केटामाइन आणि समुपदेशन दोन्ही मिळालेल्यांत फायदा जास्त दिसला, पण समुपदेशनाचा स्वतंत्र वाटा सिद्ध झाला नाही. तरी समुपदेशन निरुपयोगी नाही. काय जाणवेल हे आधी सांगितलं तर घाबरणं कमी होतं. औषध चढलेलं असताना गप्पा मारण्यात अर्थ नसतो. खरं बोलणं एक-दोन दिवसांनी, डोकं स्वच्छ असताना. त्या अर्धवट शुद्धीत माणूस फार हतबल असतो, म्हणून हात धरायचा की नाही हे आधीच, शुद्धीत विचारून लिहून ठेवावं, आणि खोलीत एकटा समुपदेशक नसावा.

‘शॉकची गरज नाही.’ 2023 च्या अमेरिकी अभ्यासात केटामाइनला प्रतिसाद 55 टक्के, शॉकला 41. पण त्यात भ्रम असलेले रुग्ण घेतलेच नव्हते. स्वीडनमध्ये दवाखान्यात दाखल असलेल्यांत उलटं झालं: शॉकनं 63 टक्के सावरले, केटामाइननं 46. आजार कसा आहे यावर निवड ठरते. आणि 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं भूल व स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक देताच येत नाही, तेव्हा सिनेमातली ती दृश्यं विसरा.

घरात कुणी जीव देण्याचं बोलत असेल, तर इंजेक्शन कुठं मिळतं याची चौकशी करत बसू नका. त्यांना एकटं सोडू नका. कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात घेऊन जा, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन लावा, तिथं मराठीत बोलता येतं.